‘म्हात्रे’ टाइप करताना

उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये सध्या सातबाऱ्याला फार महत्त्व आलं आहे. पनवेल-उरण पट्ट्यातलं हे गाव इतिहासात आहे ते जंगल सत्याग्रहामुळे. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथे गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. एरवी भातशेती, मातीची भांडी आणि गणेशमूर्तींचे कारखाने ही गावाची ओळख. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं, आणि त्याच वर्षी ‘कर्नाळा-साई-चिरनेर’ नवनगरासाठी १२४ गावांच्या पट्ट्यात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (एमएमआरडीए) नेमणूक झाली. जमिनीची गोष्ट निघाली की घराघरातून एकच प्रश्न येतो : आपली जमीन कुणाकुणाच्या नावावर आहे?

उत्तर मोबाइलवर मिळतं. महाराष्ट्राच्या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, मग सर्व्हे नंबर किंवा खातेदाराचं नाव द्यायचं, की सातबारा समोर येतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळतो, एका उताऱ्याला पंधरा रुपये पडतात. तलाठ्याच्या सजेत खेपा घालण्याच्या दिवसांशी तुलना केली तर हा बदल फार मोठा आहे.

आता समजा, चिरनेरच्या एका काकींना वडिलांच्या नावाचा उतारा बघायचा आहे. सर्व्हे नंबर त्यांना माहीत नाही. कोकणात शेताला नंबरापेक्षा नाव असतं : खारीतलं, वडाखालचं, ओढ्याकाठचं. म्हणजे नावाने शोधायचं. नाव मराठीत टाइप करायचं. आडनाव म्हात्रे, या भागातलं अगदी नेहमीचं आडनाव. पण ‘म्हा’ कसा उमटवायचा? ‘त्रे’ला कोणती कळ? काकी थांबतात, फोन भाच्याच्या हातात देतात आणि म्हणतात, “मला नाय जमत रे यातलं.”

त्या वाक्यापासून यूएक्स, म्हणजे ‘युजर एक्स्पीरियन्स’, डिझायनरचं काम सुरू होतं. काकींना जमत नाही, हे तो मान्य करत नाही. काकींनी भातशेती केली, घर चालवलं, बाजारात हिशेब केले. त्यांना न जमणारी गोष्ट फोनच्या पडद्यावर असेल, तर पडद्याची मांडणी चुकली आहे असं तो धरून चालतो. या व्यवसायाचा पाया तिथेच आहे. बाकीची सगळी तंत्रं त्यावर उभी आहेत.

लोकांची समजूत असते की हा माणूस रंग आणि चित्रं निवडतो. तेही तो करतो, पण शेवटी. त्याचं मुख्य काम म्हणजे वापरणाऱ्याला आधी काय दिसावं, मग काय विचारावं, काय विचारूच नये, चूक झाली तर परत कसं यावं आणि काम झालं हे त्याला कसं कळावं, हे ठरवणं.

चूक माणसात न शोधता मांडणीत शोधण्याची ही दृष्टी आली विमानांतून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं सुखरूप उतरल्यावरही धावपट्टीवर पोटावर आपटायची. वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवायला जायचा आणि चाकं वर घ्यायचा. अल्फोन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं की दोन्ही खटके शेजारी आणि अगदी एकसारखे आहेत. त्याने चाकांच्या खटक्याला रबरी चाकाचा आकार दिला आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा. हाताला फरक कळू लागला. आजही विमानात चाकांच्या दांड्याला चाकाचाच आकार असतो. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलेले ४६० प्रसंग तपासले, तर कितीतरी ठिकाणी गोंधळाचं मूळ खटक्यांच्या रचनेत निघालं. पुढे डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या पुस्तकात हाच विचार दारं, चुली आणि फोनपर्यंत आणला, आणि १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेल्यावर आपल्या हुद्द्यातच ‘युजर एक्स्पीरियन्स’ हे शब्द घातले.

आपल्याकडचा धागा वेगळा आहे आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी भारतातली सर्वांत सुंदर वस्तू म्हणून लोटा निवडला आणि लोटा कुणी घडवायचा ठरवलं तर काय काय विचारावं लागेल याची लांबलचक यादी दिली : पाणी किती मावेल, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, ओतताना धार कशी पडेल, रिकामा असताना तोल कसा राहील, हाताला कसा लागेल. चिरनेरच्या कुंभाराला ही यादी कुणी वाचून दाखवली नाही, तरी मडक्याचा गळा घडवताना त्याच्या बोटांना यातले बहुतेक प्रश्न ठाऊक असतात. त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. मुंबईत १९६९ मध्ये आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं. त्याच्या उभारणीतले सुधाकर नाडकर्णी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत गेलेले. कलाशाळेची नजर आणि उल्मची काटेकोर पद्धत एका माणसात एकत्र आली होती, आणि त्या केंद्रावर त्याची छाप राहिली.

आज या व्यवसायात माणसं चहूकडून येतात. कुणी आयआयटीच्या सीड परीक्षेतून एम.डेस.ला जातं, कुणी २०१५ पासून सुरू झालेल्या यूसीड परीक्षेतून बारावीनंतरच पदवीला. वास्तुकला, मानसशास्त्र, संगणक, उपयोजित कला, भाषा, अशा कुठल्याही दारातून आत येता येतं. या परीक्षा चित्रकलेबरोबर निरीक्षणही तपासतात, आणि मला त्यात फार अर्थ दिसतो. रेषा सुधारता येते, सॉफ्टवेअर शिकता येतं. पण बसस्टँडवर माणूस वेळापत्रकाच्या फळ्यासमोर उभा राहूनही शेवटी कंडक्टरलाच का विचारतो, हे ज्याला दिसतच नाही, त्याला ते शिकवणं कठीण. आणि ज्याच्या घरी अर्ज भरायला कुणाला तरी बोलवावं लागत होतं, त्याच्याकडे या कामाची अर्धी शिदोरी आधीच असते. चिरनेरसारख्या गावातून या क्षेत्रात जाणाऱ्या मुलामुलींनी आपलं गावपण लपवू नये. त्यांच्या कामात तेच सर्वांत उपयोगी पडेल.

आता काकींच्या कामाकडे येऊ. समजा जमिनीच्या नोंदी दाखवणारं नवं ॲप करायचं आहे आणि डिझायनरला चार-पाच आठवडे दिले आहेत.

पहिल्या आठवड्यात तो संगणक उघडत नाही. जिथे लोक उतारे काढून घेतात, त्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेतू केंद्रात जाऊन बसतो. लोक सोबत काय आणतात ते बघतो : प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला जुना उतारा, शेतसाऱ्याची पावती, कधी फक्त तोंडी सांगितलेला नंबर. दुकानदार काय विचारतो ते ऐकतो. बहुतेकदा दुकानदार आधी माणसाचं घराणं विचारतो, नंबर मागाहून. फोन कुणाचा आहे हे बघतो. अनेकदा असं निघतं की मोबाइल नंबर मुलाचा आहे, आणि मुलगा न्हावा शेव्याच्या बंदरात पाळीवर आहे. म्हणजे ॲपने ओटीपी मागितला की तो तिकडे जाणार आणि काकी इकडे वाट बघत बसणार. ओटीपी ठेवायचाच असेल तर त्याची मुदत किती, आणि साधा उतारा बघायला तो लागतोच कशाला, हे प्रश्न त्या दुकानात उभे राहतात. कार्यालयातल्या बैठकीत ते सुचत नाहीत.

इथे एक अडचण येते. आपली माणसं पाहुण्याचं मन मोडत नाहीत. “हे ॲप आवडलं का?” असं विचारलं तर “हो, छान आहे” हेच उत्तर येणार. म्हणून डिझायनर मत विचारत नाही, काम देतो. “काकी, तुमच्या वडिलांच्या नावाची जमीन यात शोधून दाखवा,” एवढं म्हणतो आणि गप्प बसतो. हे गप्प बसणं सर्वांत अवघड आहे. समोरचं माणूस चुकीच्या ठिकाणी बोट नेतंय आणि आपल्याला सांगावंसं वाटतंय, अशा वेळी ओठ मिटून पाहायचं असतं. त्या बोटाला तिकडे का जावंसं वाटलं, ही त्या दिवसाची खरी कमाई.

मग टिपणं भिंतीवर येतात. एका चिठ्ठीवर एकच निरीक्षण. जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी क्षेत्रकामातल्या नोंदी लावण्यासाठी रुजवलेली ही पद्धत जगभरचे डिझायनर वापरतात. चिठ्ठ्या आधी ठरवलेल्या रकान्यांत कोंबायच्या नाहीत. कोणती कोणाजवळ जाते ते बघत राहायचं. काकींची ‘नंबर माहीत नाही’ ही चिठ्ठी, शेजारच्या तरुणाची ‘गावाच्या यादीत गाव सापडेना’ ही चिठ्ठी आणि आदिवासी वाडीतल्या एका माणसाची ‘आमचं नाव कागदावर वेगळं लिहिलंय’ ही चिठ्ठी जवळजवळ आल्या, की कळतं की शोधण्याची वाटच बदलायला हवी.

आणि इथे ‘म्हात्रे’ पुन्हा आडवे येतात.

मराठी टायपिंगची गोष्ट यूएक्सच्या अभ्यासकांनी वाचावी अशी आहे, कारण तिचा मोठा भाग आपल्याच पवईच्या आयआयटीत घडला. सरकारने १९८६ मध्ये प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट कळफलक दहा बोटांनी टाइप करणाऱ्यासाठी उत्तम आहे : स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. पण त्यात ‘म्हात्रे’ लिहायला म, हलन्त, ह, काना, त, हलन्त, र, मात्रा अशा आठ कळा लागतात, आणि हलन्त नावाची वेगळी कळ असते हे आधी कुणीतरी सांगावं लागतं. रोमन अक्षरांतून मराठी लिहायचं तर इंग्रजी स्पेलिंग डोक्यात हवं. ज्यांची शाळा चौथीत सुटली त्यांना दोन्ही वाटा बंद.

आयआयटी मुंबईच्या डिझाइन केंद्रातले प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम करत राहिले. २००४ मध्ये त्यांनी ‘कीलेख’ नावाच्या कळफलकाबद्दल लिहिलं, ज्यात अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली होती. २०१३ मध्ये टचस्क्रीनसाठी ‘स्वरचक्र’ आलं. त्यामागचा विचार असा : मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या असतात, क-ख-ग-घ-ङची रांग आणि बाराखडी. मग कळफलकाने नवं काही शिकवू नये, डोक्यात आहे तेच समोर ठेवावं. म्हणून स्वरचक्रात व्यंजनं वर्णमालेच्या रांगांत आहेत. ‘ह’वर बोट टेकलं की त्याभोवती चक्र उमलतं : हा, हि, ही, हु आणि पुढचं. बोट त्या दिशेला सरकवून सोडलं की ‘हा’ उमटतो. जोडाक्षरासाठी ‘म’च्या चक्रातून अर्धा म निवडला की कळफलकावरच्या व्यंजनांच्या जागी म जोडलेली रूपं दिसू लागतात. काय उमटणार आहे ते उमटण्याआधी दिसतं. ‘म्हात्रे’ चार स्पर्शांत होतं : अर्धा म, हा, अर्धा त, रे. हलन्त हा शब्द माहीत असण्याची गरजच उरत नाही.

काय बदललं बघा. अक्षरं तीच, फोन तोच, काकीही त्याच. फक्त मांडणी आधी यंत्राच्या सोयीची होती, ती आता बाराखडी शिकलेल्या माणसाच्या सोयीची झाली. यूएक्सचं सगळं काम मला या एका उदाहरणात दिसतं, आणि ते महाराष्ट्रात घडलं याचा मला मनापासून अभिमान आहे.

आपल्या ॲपचा डिझायनर मात्र एवढ्यावर थांबत नाही. टायपिंग सोपं झालं तरी टाइप करायला लावूच नये, असंही त्याला सुचायला हवं. गाव निवडल्यावर त्या गावातल्या आडनावांची यादीच का दाखवू नये? घरत, पाटील, म्हात्रे, ठाकूर. बोट लावलं की पहिली नावं. सेतू केंद्रातला दुकानदार आधी घराणं विचारत होता, ते इथे कामी आलं.

यानंतर कागद. पडदे आधी पेन्सिलने काढतात, घाईघाईत, मुद्दाम ओबडधोबड. चकचकीत पडदा दाखवला की माणूस रंगावर बोलतो. कागद दाखवला की कामावर बोलतो, आणि चूक सापडली तर तो फाडून दुसरा काढायला मिनिट पुरतं. काकी कागदावरच्या चौकोनावर बोट ठेवतात, डिझायनर तो कागद उचलून पुढचा ठेवतो. संगणकाचं काम माणूसच करतो.

किती जणांकडून तपासायचं? जेकब नीलसन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एक वापरणारा सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के समोर येतात. म्हणून शंभर जणांना एकदा बसवण्यापेक्षा पाच जण, दुरुस्ती, पुन्हा पाच जण, असं करणं बरं. यात अट एकच : ते पाच एकाच प्रकारचे असावेत. शेतकरी, कॉलेजातला मुलगा आणि कातकरी वाडीतली बाई यांच्या अडचणी वेगळ्या, त्यामुळे प्रत्येकासाठी वेगळे पाच. पैसे वाचवायला ही अट नेहमी पहिल्यांदा वगळली जाते, आणि जे वगळले जातात ते नेहमी तेच असतात.

बटणांचं माप हे रुक्ष काम, पण इथेही माणूस आहेच. १९५४ मध्ये फिट्स यांनीच दाखवलं की बोट लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतर आणि आकार यांवर ठरतो. दूर आणि लहान असेल तर वेळही जास्त, चुकाही जास्त. अँड्रॉइडची शिफारस सुमारे नऊ मिलिमीटरची आहे. मातीत, भातात काम केलेल्या हातांसाठी मी तरी याहून मोठं ठेवीन. देवनागरीला ओळींमध्ये अंतरही जास्त लागतं, वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात. इंग्रजीच्या मापात बसवलेल्या मराठी ओळी एकमेकींत घुसतात. संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी याच पवईच्या केंद्रात शिकवत. त्यांच्यासारख्या माणसांनी अक्षराच्या आत जी काळजी घेतली, ती पडदा आखताना विसरून चालत नाही.

चूक सुधारण्याची सोय हा माझ्या मते चांगल्या आणि वाईट कामातला सर्वांत मोठा फरक. राज्याची ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. त्यात शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो घेतो, जीपीएसवरून जागा नोंदली जाते आणि ती नोंद गाव नमुना बारामध्ये जाते. पुढच्या आवृत्तीत नोंद केल्यापासून ४८ तासांत शेतकऱ्याला स्वतःच ती दुरुस्त करण्याची सोय आली. पावसात, हातात छत्री, नेटवर्क एक काडी, अशा अवस्थेत कुणाचंही बोट चुकणार. दुरुस्तीची वाट नसेल तर माणूस पुढच्या वेळी ॲप उघडतच नाही, दुसऱ्याकडून भरून घेतो. ४८ तास दिले की तो स्वतः करून बघायला धजतो.

आपल्या ॲपमध्ये याच विचाराने प्रत्येक अडलेल्या जागेला पुढची वाट द्यावी लागते. नेट गेलं तर भरलेलं पुसू नये. पंधरा रुपये कापले गेले आणि उतारा आला नाही, तर ‘काहीतरी चुकले’ एवढ्यावर सोडू नये. पैसे कुठे आहेत, कधी परत येतील, पुन्हा भरायचे की थांबायचं, हे तिथेच लिहावं. आणि ‘नोंद सापडली नाही’ हा पडदा तर सर्वांत जास्त विचार करून लिहावा, कारण काकींच्या बाबतीत तोच येण्याची शक्यता मोठी आहे. वडिलांचं नाव जुन्या कागदावर वेगळ्या स्पेलिंगने असू शकतं, म्हणून जवळपासची नावं दाखवावीत.

कधी उतारा सापडतो, त्यात चार भावांची नावं असतात आणि काकींचं नसतं. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा दिला, आणि २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तो सगळ्या मुलींना मिळाला. तरी उताऱ्यावर नाव आपोआप येत नाही, त्यासाठी वारस नोंदीचा अर्ज आणि फेरफार लागतो. डिझायनरकडे आलेल्या कागदावर एवढंच लिहिलं होतं की सातबारा दाखवायचा. पण दुकानात बसून ज्याने काकींना पाहिलं, तो उताऱ्याच्या खाली एक ओळ घालतो, ‘तुमचं नाव यात नाही? वारस नोंदीसाठी काय करायचं ते पाहा’, आणि तिच्यामागे लागणाऱ्या कागदपत्रांची यादी, अर्ज करण्याची जागा आणि सजेचा पत्ता जोडतो. मग ती ओळ घेऊन पुन्हा चिरनेरला जातो, पाच काकींना काम देतो, आणि त्यांचं बोट तिथपर्यंत पोचतं का ते बघतो.